म्युनिक नगरीचा धडा

परसत्तेच्या पाशातून सुटलेल्या राष्ट्रांचे इतिहास आपण आवडीने ऐकतो. एका नगरपालिकेने आपल्या कचेरीतील संगणकांसाठी स्वातंत्र्य मागितले, ही हकीकतही त्याच पंक्तीत बसण्याजोगी आहे.

लिनक्स या प्रणालीचा आरंभ १९९१ साली हेलसिंकी येथे लायनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. तिची घडण कोणीही पाहावी, सुधारावी, वाटावी. जर्मनीतील म्युनिकच्या कचेऱ्यांत तेव्हा मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ४ ही प्रणाली चालत असे. ती जुनी होऊन तिला कंपनीचा आधार संपत आला, तेव्हा २००३ च्या मे महिन्यात नगरसभेने सुमारे १४,००० संगणक लिनक्सवर नेण्याचा ठराव केला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटून गेले; तरी ठराव ढळला नाही. २०१३ च्या अखेरीस हे काम बव्हंशी तडीस गेले.

मग अडले कोठे? यंत्र एकट्याचे असते. पत्र मात्र दोघांचे असते. बाहेरून आलेला कागद उघडावा, तर तक्ते सरकलेले आणि ओळी विस्कटलेल्या. काही खात्यांच्या खास कामाचे कार्यक्रम तर विंडोजखेरीज चालतच नसत. कंपनीच्या जुन्या दस्तऐवजांची अंतर्रचना २००८ पर्यंत सर्वांस खुली नव्हती. ती इतरांनी अंदाजानेच उकलावयाची! २००६ साली खुल्या दस्तऐवज-रचनेला आंतरराष्ट्रीय मानकाचा मान मिळाला खरा; पण शेजारी जुन्याच रीतीने लिहीत राहिले. कर्मचारी कुरकुरले, राजकारणही शिरले, आणि २०१७ साली सभेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. गंमत अशी की, २०२० साली नव्या सत्ताधारी आघाडीने पुन्हा खुल्या प्रणालींचाच पुरस्कार केला.

हे दुःख आपल्याला अगदीच परके नाही. एका फाँटात टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांचा कसा चिवडा होई, हे आपल्या छापखानेवाल्यांना विचारावे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला सर्वमान्य क्रमांक दिला आणि तो वापरात रुळला, तेव्हा कोठे हा घोळ आवरू लागला.

तात्पर्य, केवळ हत्यार आपले असून भागत नाही. कागदाची रीतही सर्वांची असावी लागते. आपल्या संस्थांची दप्तरे आज आपण संगणकात भरीत आहोत. पन्नास वर्षांनी ती कोणाच्या परवानगीवाचून उघडतील काय, हा प्रश्न आपण आजच विचारला पाहिजे.