रानकांदा आणि चिरनेरचं जंगल

गेल्या मे महिन्यात चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर गेलो होतो. उन्हाने करपलेल्या जमिनीतून एक दांडा सरळ वर आलेला दिसला. पान एकही नाही, फक्त हिरवट-तपकिरी फुलं. मोबाइलमधल्या ॲपने दोन सेकंदांत नाव सांगितलं : ड्रिमिया इंडिका. तेवढ्यात मोळी घेऊन उतरणाऱ्या एका कातकरी आजींनी हटकलं, "रानकांदा हाय तो. हात नको लावू पोरा, खाज येल. आन् खायाचा तर नावच नको."

ॲपपेक्षा आजींनी जास्त सांगितलं, हे घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं.

रानकांद्याला कोळकांदाही म्हणतात आणि संस्कृतात वनपलांडू. उन्हाळ्यात याला आधी फुलं येतात, पानं फुटतात ती पावसात. कंदाच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी खाज सुटते. आत हृदयावर काम करणारी रसायनं असतात. अगदी कमी मात्रेत कफ सुटतो, थोडं जास्त झालं की उलट्या होतात आणि त्याहून जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून गावाकडे त्याचा उपयोग बराचसा बाहेरूनच, कंद भाजून पायाच्या कुरुपावर बांधायला. (वाचून घरी प्रयोग करू नका.)

याचा एक चुलतभाऊ भूमध्य समुद्राच्या काठावर उगवतो. ग्रीक वैद्य दोन हजार वर्षांपूर्वीपासून तो खोकल्यावर आणि अंगावरच्या सुजेवर देत. युरोपीय डॉक्टरांच्या औषधपेटीत तो असायचाच. पण विलायतेहून औषधं मागवणं कंपनी सरकारला महाग पडायचं, म्हणून इथल्या रानात पर्याय शोधणं सुरू झालं.

या शोधातलं मुंबई इलाख्यातलं मोठं नाव म्हणजे अलेक्झांडर गिब्सन. पेशाने सर्जन. 1838 पासून पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे होती आणि तिथून सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवली जात. पुढे 1861 मध्ये त्याने निकोल डॅल्झेलबरोबर 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. 1880 च्या दशकात मुंबईच्या सरकारी औषध भांडाराचे डॉ. विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं. 1900 मध्ये ब्रिटिश फार्माकोपियाची भारत आणि वसाहतींसाठीची पुरवणी निघाली, तिच्यात आपला रानकांदा अधिकृत औषध म्हणून दाखल झाला.

इथवरची गोष्ट विज्ञानाच्या प्रगतीची वाटते. पण हाच गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याची काळजी खोटी नव्हती. जंगलतोडीने कोकणातले झरे आटतील, खाड्या गाळाने भरतील, असं तो सांगत होता. मात्र त्याने पाया घातलेल्या खात्याच्या हातात 1878 चा वन कायदा आला आणि राखीव जंगलात लाकूड तोडणं, गुरं चारणं, काही उचलून आणणं परवानगीशिवाय गुन्हा ठरलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी आल्या की 1885 मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड.

म्हणजे रानातलं ज्ञान पुस्तकात गेलं आणि ते ज्यांच्याकडे होतं त्यांना रानाबाहेर काढलं गेलं. दोन्ही कामं एकाच सरकारने, काही काळ तर एकाच माणसाने केली.

या रागाचा स्फोट उरण तालुक्यातच झाला. 25 सप्टेंबर 1930 रोजी याच अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन जंगलाचा कायदा मोडायला चढली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. शाळेत आम्हाला हा सत्याग्रह मिठाच्या सत्याग्रहाचा भाऊ म्हणून शिकवला. मला आता तो औषधाच्या, सरपणाच्या, कंदमुळांच्या हक्काचा लढाही वाटतो.

तो हक्क कागदावर यायला 2006 उजाडलं. वन हक्क कायद्यात गौण वनोपजांच्या यादीत औषधी वनस्पती, मुळं आणि कंद स्पष्ट लिहिले आहेत. पण तोवर उरण बदललं होतं. 1989 पासून न्हावा-शेवाचं बंदर आहे, 2024 मध्ये अटल सेतू आला आणि प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी कंटेनरची रांग लागली.

ॲपमध्ये माझ्या फोटोखाली वनस्पतीचं नाव, तारीख आणि जागा नोंदली गेली. मी खाली एक ओळ मराठीत लिहिली : रानकांदा, हात लावू नये, खाऊ नये. माहिती कोणाकडून मिळाली, त्या रकान्यात लिहिलं : चिरनेरच्या एक कातकरी आजी. नाव विचारायचं राहून गेलं, ही चूक माझी. पावसात पानं फुटली की पुन्हा जाणार आहे, तेव्हा आधी नाव विचारीन.