अफाट जाळ्यातील जवळची वाट

परक्या मुलखात वाट ठाऊक नसलेला प्रवासी पुढच्या गावापर्यंतची वाट विचारून घेतो आणि तेथे पोचल्यावर त्याच्या पुढची विचारतो. अवघ्या देशाचा नकाशा त्याच्या डोक्यात नसतो, तरी तो मुक्कामाला पोचतो. परंतु आपण सर्वांत जवळच्या वाटेने आलो की नाही, हे त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. नुसते पोचणे आणि जवळच्या वाटेने पोचणे यांत दिसते त्याहून फार मोठे अंतर आहे. ते अंतर माणसाच्या बुद्धीने कसे तोडले, याची हकीकत आज आम्हाला आपल्यापुढे मांडावयाची आहे. तीत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळेल. हे काम करणारे बहुतेक लोक पंचविशी-तिशीतले होते, आणि त्यांच्या कामाला त्या त्या वेळी धड नावही नव्हते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. शाळेत चौकटीच्या कागदावर आपण पावसाची किंवा तापमानाची रेघ काढतो, तिला आलेख म्हणतात. गणितज्ञ हाच शब्द आणखी एका अर्थाने वापरतात, आणि आज तो दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. काही ठिपके घ्यावेत आणि ज्यांचा परस्परांशी संबंध आहे ते रेघांनी जोडावेत; झाला आलेख. ठिपका म्हणजे गाव आणि रेघ म्हणजे सडक असे मानले, की रस्त्यांचे जाळे झाले. ठिपका म्हणजे माणूस आणि रेघ म्हणजे ओळख असे मानले, की समाज झाला. रेल्वेची स्थानके, टेलिफोनच्या तारा, विजेची केंद्रे, सर्व काही या दोन खुणांत मावते.

या विचाराचा आरंभ क्योनिग्सबर्ग या प्रशियातील नगरात झाला असे मानतात. तेथे प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून साऱ्या नगरात फिरता येईल काय, हा तेथील कोड्याचा विषय होता. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याचे उत्तर मांडले: असे फिरता येणार नाही. त्यासाठी त्याला एकेक फेरी तपासून पाहावी लागली नाही. प्रत्येक भूभागाला किती पूल येऊन मिळतात, एवढेच त्याने मोजले. सगळ्या वाटा न चालता वाटांविषयी निश्चित बोलता येते, हा धडा ऑयलरने घालून दिला.

पुढे या विद्येला व्यवहाराची ओढ लागली. १९२६ साली मोराविया प्रांतात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, विजेचे जाळे पसरत होते. सर्व गावांना वीज पोचावी, पण तारेची लांबी कमीत कमी असावी, हा प्रश्न वीजकंपनीत काम करणाऱ्या एका मित्राने ओटाकार बोरूव्का या तरुण गणितज्ञापुढे ठेवला. बोरूव्काने त्याची रीत शोधली. चारच वर्षांनी, १९३० साली, व्हॉयटेख यार्निक या त्याच्या देशबांधवाने तीहून वेगळी रीत दिली. दोन्ही निबंध चेक भाषेत होते आणि बाहेरच्या जगाचे त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही. कोट्यवधी ठिपक्यांचा हिशेब करणारे यंत्र तेव्हा नव्हते, म्हणून या प्रश्नाचा खरा दंशही कोणाला जाणवला नव्हता.

तो दंश कोणता? एक लहानसे गणित करून पाहू. बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली एक पेठ आहे. एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर जावयाचे आहे, आणि मागे न फिरता फक्त उजवीकडे किंवा पुढे जावयाचे आहे. प्रत्येक दिशेला १० घरे असतील तर अशा वाटा १,८४,७५६ होतात. २० घरे असतील तर त्या सुमारे १३,७८४ कोटी होतात. दर सेकंदाला एक कोटी वाटा तपासणारे यंत्र आणले, तर या दुसऱ्या पेठेला त्याला पावणेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. आता आणखी दहाच घरे वाढवा, म्हणजे ३० करा. त्याच यंत्राला आता सुमारे पावणेचारशे वर्षे लागतील! आणि या पेठेतील चौक मोजले तर पुरते हजारही नाहीत. ते अवघे ९६१ आहेत. यंत्र दहापट वेगवान केले तरी पावणेचारशेची साडेसदतीस वर्षे होतील, एवढेच. मोठ्या जाळ्यापुढे नुसत्या वेगाची मात्रा चालत नाही. तेथे रीतच बदलावी लागते.

ही रीत देणाऱ्या तरुणाचे नाव एडस्गर डायक्स्ट्रा. त्याचा जन्म १९३० साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. लायडन येथे तो पदार्थविज्ञान शिकत होता. १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात तो संगणकासाठी कार्यक्रम लिहू लागला. लवकरच तो पेचात पडला. पदार्थविज्ञान ही प्रतिष्ठित विद्या होती. कार्यक्रम लिहिणे हे मात्र हुन्नरी माणसाचे काम समजले जाई. तुझे शास्त्र कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर काय द्यावे? त्याने आपली शंका केंद्रातील ज्येष्ठ गणितज्ञ फान वाइनगार्डन यांना सांगितली. शास्त्र अद्याप नाही हे त्यांनी मान्य केले. पण संगणक आता कायमचे आले आहेत, आणि ते शास्त्र उभे करणाऱ्यांपैकी तूच एक का असू नयेस, असे त्यांनी उलट विचारले. डायक्स्ट्राने या बाजूने कौल दिला. १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्याने व्यवसाय म्हणून ‘कार्यक्रमलेखक’ असे सांगितले, तेव्हा असा व्यवसायच नाही म्हणून ॲमस्टरडॅमच्या नगर-अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले नाही. दाखल्यावर शेवटी ‘सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक’ अशी नोंद झाली.

पण ती रीत त्याला विवाहापूर्वीच, १९५६ साली, सुचली होती. गणित केंद्रात आर्मॅक नावाचे नवे यंत्र उभे राहिले होते आणि नागरिकांना त्याचे सामर्थ्य दाखवावयाचे होते. गणित न जाणणाऱ्यालाही प्रश्न कळावा आणि उत्तरही कळावे, असे काही हवे होते. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत जवळची वाट कोणती, हा तो प्रश्न. वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला निघालेला डायक्स्ट्रा थकून कॉफी घेण्यास बसला असता सुमारे वीस मिनिटांत त्याने ही रीत मनाशी जुळवली. जवळ कागद-पेन्सिल नव्हती. त्यामुळे टाळता येईल तेवढी गुंतागुंत टाळणे भागच पडले, आणि रीत सुटसुटीत झाली, असे तो पुढे सांगत असे. प्रात्यक्षिकासाठी त्याने हॉलंडमधील ६४ शहरे घेतली होती.

ही रीत आपणही कागद-पेन्सिलीवाचून समजून घेऊ. रॉटरडॅमला पाणी सोडले आहे आणि ते सर्व सडकांवरून एकाच गतीने पसरत आहे, असे समजा. सर्वांत जवळच्या गावी ते प्रथम पोचेल, मग त्याच्या पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. ज्या गावी पाणी एकदा पोचले, त्या गावचे अंतर कायमचे ठरले. कारण दुसरी एखादी वाट जवळची असती, तर पाणी त्याच वाटेने आधी आले असते. डायक्स्ट्राची रीत हेच पाणी आकड्यांत खेळविते. अंतर ठरलेल्या गावांच्या शेजारची गावे पाहावीत. त्यांतील सर्वांत जवळचे निवडून त्याचे अंतर पक्के करावे. मग त्याच्या शेजाऱ्यांची अंतरे सुधारून घ्यावीत. आणि हेच पुन्हा करावे. एकदा पक्के केलेले अंतर पुन्हा उकरावे लागत नाही, यातच सगळी बचत आहे. अट एकच, की कोणत्याही सडकेची लांबी शून्याहून कमी नसावी. आमच्या ९६१ चौकांच्या पेठेत हे काम फार तर ९६१ च्या वर्गाच्या घरात जाते. म्हणजे सव्वानऊ लाखांहून कमी. पावणेचारशे वर्षांचे काम आमचे ते यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करील.

हा निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. तो तीन पानांचा होता. मधली तीन वर्षे तो तसाच राहिला, कारण अशा रीतीला गणित म्हणावे काय याचीच तेव्हा शंका होती, आणि त्यांसाठी स्वतंत्र नियतकालिकेही नव्हती. त्याच निबंधात कमीत कमी तारेच्या प्रश्नाचेही उत्तर होते. यार्निकची रीत डायक्स्ट्राला, आणि १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट प्रिम यांनाही, स्वतंत्रपणे पुन्हा सापडली होती.

योगायोग असा, की त्याच १९५९ साली एका भारतीय गणितज्ञाच्या निबंधातून आणखी एक आलेख जगापुढे आला. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव तो आजही धारण करतो. त्यात ठिपके केवळ १६, आणि प्रत्येक ठिपका इतर सहांशी जोडलेला. लहान आलेखाचे अंतरंग पूर्णपणे जाणणे ही एक विद्या. आणि जो आलेख कोणालाच एका दृष्टिक्षेपात दिसणार नाही, त्यात न हरवता काम करणे ही दुसरी. या शतकात दुसऱ्या विद्येची निकड वाढली, कारण जाळी वाढली.

ती किती वाढली? २००६ साली संशोधकांनी परीक्षेसाठी घेतलेल्या अमेरिकेतील रस्त्यांच्या आलेखात सुमारे २ कोटी ३९ लाख ठिपके होते. डायक्स्ट्राची मूळ वर्गाची पद्धत तेथे आमच्या यंत्राला पावणेदोन वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवील. म्हणून रीतीतही सुधारणा झाल्या. जवळचे गाव निवडण्यासाठी सारी यादी चाळण्याऐवजी ती उतरंडीसारखी रचून ठेवण्याची युक्ती १९६४ मध्ये निघाली होती. तिच्या साहाय्याने तेच काम अडीच मिनिटांत उरकते. १९७२ साली चोवीस वर्षांच्या रॉबर्ट टार्जनने आलेखासंबंधीचे कित्येक प्रश्न प्रत्येक रेघ मोजक्याच वेळा पाहून सुटतात हे दाखविले. याच टार्जनने मायकेल फ्रेडमन यांच्याबरोबर १९८४ साली उतरंडीची आणखी चांगली रचना दिली. २००८ साली कार्ल्सरूह येथील रॉबर्ट गाइसबर्गर या विद्यार्थ्याच्या पदविका-प्रबंधात, कमी महत्त्वाचे चौक आधीच मिटवून त्यांच्या जागी जोडवाटा घालून ठेवण्याची पद्धत आली. तिच्यामुळे खंडभर पसरलेल्या जाळ्यातही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात वाट सापडते.

आता सारे संपले, असे कोणालाही वाटावे. २०२४ साली टार्जनसह पाच संशोधकांनी सिद्ध केले, की गावे अंतराच्या क्रमाने लावून हवी असतील तर योग्य उतरंडीसह डायक्स्ट्राच्या रीतीहून सरस रीत असू शकत नाही. पण लगेच पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातील रान त्वान आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी दाखविले, की क्रमाचा आग्रह सोडला आणि नुसती अंतरे मागितली, तर त्याहूनही कमी श्रमात काम होते. दोन्ही विधाने खरी आहेत. अधिक मागाल तर अधिक मोजावे लागेल, हा व्यापाऱ्याचा नियम येथेही लागू पडतो. आपण गरजेपेक्षा अधिक मागत होतो, हे मात्र कळावयास सहासष्ट वर्षे लागली.

या साऱ्यातून आमच्यासारख्या सामान्य नागरिकांनी घ्यावे असे काय आहे? आज खिशातील फोन वाट सांगतो आणि आपण त्याच्या यंत्राचे कौतुक करतो. कौतुक रीतीचे केले पाहिजे. आणि ती रीत जेव्हा जन्मली, तेव्हा तिला छापावयास नियतकालिक नव्हते आणि तिच्या कर्त्याच्या धंद्याला नगराच्या दप्तरात रकाना नव्हता. तरीही एका ज्येष्ठाने त्या तरुणाला परत पदार्थविज्ञानाकडे हाकलले नाही. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या असे काम निवडील, की ज्याचे नाव आपल्याला उच्चारताही येणार नाही आणि ज्याचा उपयोग विचारला असता तिला सांगताही येणार नाही. त्या वेळी आपण फान वाइनगार्डन यांच्यासारखे बोलावयाचे, की दाखला लिहिणाऱ्यासारखे, हे मात्र आपल्याच हाती आहे.