विष नेमकं कशात होतं?

'कार्बन नॅनोट्यूब पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत का?' प्रश्न वाचला की वाटतं, त्यात काय! टाकीत भुकटी टाका, किती मासे मरतात ते मोजा. प्रत्यक्षात हा प्रश्न नीट विचारायला शिकण्यातच शास्त्रज्ञांची बरीच वर्षं गेली. त्याचीच ही गोष्ट.

१९९१ साली जपानच्या एनईसी कंपनीतल्या सुमिओ इजिमांनी या अतिसूक्ष्म नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगाला नवं खेळणं मिळालं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने तर चक्क कापरापासून असा कार्बन बनवण्यावर काम केलं. हो, तोच आरतीच्या ताटातला कापूर!

धोक्याची घंटा वाजली २००४ मध्ये, तीही नळ्यांच्या चुलतभावामुळे, म्हणजे फुलरीनमुळे. अमेरिकेत इवा ओबरडॉर्स्टर यांनी ०.५ पीपीएम फुलरीनच्या पाण्यात बास जातीचे मासे ४८ तास ठेवले, आणि त्यांच्या मेंदूतल्या चरबीला इजा झालेली दिसली. झालं, मोठा गाजावाजा! पण २००७ मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांवर प्रयोग झाले तेव्हा वेगळंच निघालं. फुलरीन पाण्यात मिसळावं म्हणून टीएचएफ नावाचं द्रावक वापरत. पिल्लं मरत होती ती त्या द्रावकापासून तयार झालेल्या रसायनामुळे. नुसत्या पाण्यात ढवळलेल्या फुलरीनने तसं काही केलं नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, बग कोडमध्ये नव्हता, टेस्टमध्येच होता.

म्हणून नळ्या निर्दोष सुटल्या का? नाही. २००७ मध्येच इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी ट्राउट मासे दहा दिवस नळ्यांच्या पाण्यात ठेवले, आणि नळ्या विरघळवणाऱ्या साबणासारख्या रसायनाची टाकी तुलनेला वेगळी ठेवली. नळ्यांच्या टाकीतल्या माशांचा श्वास वाढला, कल्ल्यांना सूज आली, चिकट स्राव सुटला. म्हणजे मेलेले मासे मोजून भागत नाही, जिवंत माशाची धापही मोजावी लागते.

त्याआधी २००६ मध्ये खाडीच्या गाळात राहणाऱ्या एका चिमुकल्या कवचधारी जिवावर प्रयोग झाला होता. बनवलेल्या नळ्या तशाच दिल्या तर जास्त मात्रेत जीव मेले, शुद्ध करून दिल्या तर विशेष फरक पडला नाही. दोष नळ्या बनवताना तयार होणाऱ्या बारीक कचऱ्याकडे गेला.

आता आपलं मीरा-भाईंदर घ्या. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचे कोळीवाडे, मधे मिठागरं आणि तिवरं. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे या नळ्या एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. म्हणजे इथे पहिला प्रश्न पोहणाऱ्या माशाचा नाही, तर चिखलातल्या निवटीचा, खेकड्याचा आणि शिंपल्यांचा आहे. गोड्या पाण्यातल्या स्वच्छ टाकीतला आकडा इथे जसाच्या तसा लावणं म्हणजे, माझ्या लॅपटॉपवर चालतं, असं ग्राहकाला सांगण्यासारखं झालं!

ओईसीडीने कण पाण्यात किती टिकून राहतात हे तपासण्याची पद्धत २०१७ मध्ये आणली, आणि पाणी व गाळ दोन्हींतल्या चाचण्यांसाठी मार्गदर्शिका २०२० मध्ये. उशीर झाला खरा, पण दिशा बरोबर आहे.

तेव्हा पुढच्या वेळी 'नॅनो घातक' किंवा 'नॅनो सुरक्षित' असा मथळा दिसला तर चार गोष्टी विचारा: कुठल्या पाण्यात, कोणत्या जिवावर, किती दिवस, आणि कशात कालवून? उत्तनला जाळं टाकणाऱ्याला या चारही उत्तरांशी देणंघेणं आहे.