बर्लिनमधल्या १४९ कवट्या

परदेशी विद्यापीठात रुळायचे म्हणजे भाषा, थंडी आणि जेवण, असे आपण समजतो. पीएच.डी.साठी बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांच्यापुढे याहून अवघड पेच होता, असे आम्हांला वाटते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात (आपले तळहात तरी कुठे असतात? वर्गात मोजून पाहा!). या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. संबंध आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले. १९३० साली पदवी मिळाली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.