१९७३ चं तेल आणि १९७२ चा पाऊस

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका टिपणात मी बिनधास्त लिहिलं होतं, "१९७३ च्या तेलसंकटामुळे भारतात महागाई भडकली." सरांनी शेजारी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला: "कधीपासून?" त्या शब्दामुळे मला ते टिपण पुन्हा लिहावं लागलं.

आधी सर्वांना माहीत असलेला भाग बघू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. तेव्हा बॅरलला साधारण ३ डॉलर असलेलं कच्चं तेल जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेलं. भारत गरजेच्या जवळपास दोन-तृतीयांश तेल बाहेरून आणत होता. १९७२-७३ मध्ये तेल आयातीचा खर्च सुमारे २०० कोटी रुपये होता, तो १९७४-७५ मध्ये ११०० कोटींवर गेला. त्याच वर्षी घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या आसपास होती. दोन आलेख शेजारी ठेवले की निष्कर्ष तयार!

पण तारखा बघा. १९७२-७३ मध्येच, म्हणजे तेल भडकण्याआधी, महागाई १० टक्क्यांच्या घरात पोचली होती. १९७१ चं युद्ध आणि निर्वासितांचा खर्च नुकताच झाला होता. त्यात १९७२ चा पाऊस गेला. 'बहात्तरचा दुष्काळ' आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेला असतो, तोच हा. म्हणजे आग आधीच लागली होती, तेल नंतर पडलं.

मग तेलाचा वाटा काहीच नाही का? आहे, पण तो पेट्रोल पंपावर शोधू नका. तेव्हा मोटारी होत्याच किती जणांकडे? युरियाचे बरेच कारखाने नॅफ्थ्यावर चालायचे, आणि नॅफ्था तेलातूनच निघतो. आयात खतही महागलं. जून १९७४ मध्ये सरकारनं युरियाचा भाव जवळपास दुप्पट केला. डॉलर मोजकेच होते. त्यात तेल आणायचं, खत आणायचं की धान्य? श्रीमंत देशांत हा धक्का पंपावरच्या रांगेत दिसला, आपल्याकडे तो शेतातून ताटापर्यंत आला.

असाच दुसरा सापळा म्हणजे "संकट आलं म्हणून बॉम्बे हाय सापडलं" हे वाक्य. तेल लागलं फेब्रुवारी १९७४ मध्ये हे खरं, पण त्या समुद्राचं भूकंपीय सर्वेक्षण साठच्या दशकातलं आहे. संकटानं घाई वाढवली असेल, शोधाची सुरुवात मात्र त्याआधीची.

प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इतिहासात ती सोय नाही, दुष्काळ वगळून १९७४ परत घडवता येत नाही. आपल्या हातात असतो तो क्रम, आणि परिणाम नेमका कुठल्या वाटेनं पोचला याचा शोध. म्हणून तुमच्या संशोधन प्रस्तावात जिथे जिथे "मुळे" लिहिलंय, तिथे आज रात्री पेन्सिलीनं दोन प्रश्न लिहून बघा: कधीपासून? आणि कोणत्या वाटेनं?