भोंगा, मायक्रोफोन आणि खाँसाहेब

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी माझ्याकडे तीन रूपांत आहे: ७८ची तबकडी, तिच्यावरून काढलेली कॅसेट आणि नंतरची सीडी. गाणं एकच, जेमतेम तीन मिनिटांचं. मी कॅसेटवर वाढलो. मूळ तबकडी हाती आली तेव्हा ती मला आवडली नाही, हे आधी कबूल करतो. कॅसेटवर त्यांचा स्वर गाभाऱ्यात घुमावा तसा यायचा. तबकडीवर तो अगदी समोर, कोरडा, खरखरीच्या मधोमध. पुढे कळलं, तो घुमारा कॅसेट करणाऱ्यांनी यंत्रातून मिसळला होता. वीस वर्षं ज्याला मी किराण्याची करुणा म्हणत आलो, त्यात खाँसाहेबांचं किती आणि ‘इको’चं किती?

तेव्हापासून तबकड्यांकडे मी संशयाने पाहू लागलो. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा विजेचा संबंध नव्हता. गायकाने भोंग्यासमोर गळा खुला टाकायचा. त्या हवेच्या जोरावर सुई मेणात चर कोरी. भोंगा खर्ज नीट पकडत नसे, वरच्या सुरांची झिलईही नाही. मधलाच पट्टा उरे. त्या काळच्या गायिका ‘किरट्या’ होत्या असं आपण सहज म्हणतो. मला त्यात भोंग्याचा वाटा मोठा वाटतो.

१९२५नंतर मायक्रोफोन आला आणि हलका स्वरही टिपला जाऊ लागला. खाँसाहेबांनी दोन्ही पद्धतींत गायलं: १९०५च्या सुमारास भोंग्यासमोर आणि निधनापूर्वीच्या (१९३७) काही वर्षांत मायक्रोफोनसमोर. ज्यांना त्यांचा मुलायम, विरघळता स्वर आवडतो, त्यांना बहुधा हे उत्तरकाळातले खाँसाहेबच ठाऊक असतात. वयाने आवाज बदलला की यंत्राने, हे वेगळं करता येत नाही. पण घराण्याची लक्षणं सांगताना आपण यंत्र विसरतोच.

वेगाचा घोळ निराळा. ७८ फेऱ्यांची तबकडी ८२ने फिरवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो आणि तानही उगाच चपळ होते. चढ्या वेगातल्या अशा ताना ऐकून मी स्वतः एकदा भलतंच कौतुक लिहून बसलो होतो.

मग एलपी आली. १९६०च्या सुमारास अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची तबकडी निघाली. एका बाजूला एक राग. ती संथ बढत तीन मिनिटांत मावलीच नसती.

सीडीवर खरखर पुसलीय. तिच्याबरोबर सुरांच्या कडाही गेल्यात. ती मी फारशी लावत नाही. कुणी अभ्यासाला आलं की तबकडी लावतो, वेग तपासून. एकटा असलो की मात्र अजूनही कॅसेटच.