मांडलिक मेघ

चामराजपेट 1892 साली वसलं, म्हणजे बंगळुरूच्या मानाने तसं नवंच. पण इथून पूर्वेला थोडं चाललं की जुना किल्ला लागतो आणि मराठी माणसाला शहाजीराजे आठवतात. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून हे ठाणं घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मोठ्या सत्तेच्या पदरी असलेला सरदार स्वतःचं बळ किती राखतो? हाच प्रश्न आकाशातही आहे.

हिवाळ्यात इथे दक्षिणेला अगस्त्य दिसतो. त्याच्या खाली, क्षितिजापासून जेमतेम 7 अंश वर मोठा मॅजेलन मेघ येतो. शहरातल्या दिव्यांत तो दिसायचा नाही. पुण्याहून तर तो क्षितिजाला टेकलेलाच. मोठा मेघ 1.6 लाख प्रकाशवर्षांवर, धाकटा सुमारे 2 लाखांवर. दोन्ही आपल्या आकाशगंगेच्या मांडलिक दीर्घिका.

दीर्घिकेची रसद म्हणजे हायड्रोजन वायू. तो संपला की नवे तारे जन्मत नाहीत. 1951 मध्ये हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची रेडिओलहर पकडता आली आणि ही रसद मोजणं शक्य झालं. 1974 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅथ्यूसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आकाशात दूरवर पसरलेला वायूचा एक पट्टा या मेघांच्या मागे लागलेला आहे. त्याला मॅजेलन प्रवाह म्हणतात.

हा वायू काढला कोणी? एक मत असं, की आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने भरती-ओहोटीसारखा तो ओढला गेला. दुसरं मत, की आकाशगंगेभोवतीच्या विरळ, तप्त वायूतून मेघ वेगाने जाताना तो मागे राहिला. उघड्या जोंग्यातून जाताना ज्याची टोपी उडाली आहे त्याला हे सांगायला नको. पण मेघांच्या पुढेही थोडा वायू सापडला. टोपी पुढे उडत नाही!

2006 च्या सुमारास हबल दुर्बिणीने मेघांचा वेग मोजला. तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, सेकंदाला 300 किलोमीटरहून अधिक. म्हणजे हे जुने मांडलिक नसावेत, बहुधा पहिल्यांदाच दरबारी येत आहेत. 2013 मध्ये प्रवाहाचं रासायनिक रूप तपासलं, तर बराच भाग धाकट्या मेघाशी जुळला. लूट दरबारात पोचण्याआधीच, भावाभावांत सुरू झालेली दिसते. मला हे सर्वांत पटणारं वाटतं. याच शहरात, कोरमंगलातल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत अन्नपूर्णी सुब्रमण्यम यांनी या दोन मेघांच्या रचनेवर अनेक वर्षं काम केलं आहे.

आकाशगंगेच्या जवळचे बहुतेक छोटे सोबती आज वायूविना आहेत. या दोघांकडे मात्र तो भरपूर आहे. 2020 मध्ये संगणकीय प्रतिरूपांतून असं मांडलं गेलं, की मोठ्या मेघाभोवती त्याचं स्वतःचं तप्त वायूचं कवच असावं. 2022 मध्ये हबलच्या निरीक्षणांत त्याचे पुरावे मिळाले. सरदार आपली ढाल घेऊनच आला आहे.